अ‍ॅक्सेस की फाइलमेकर: क्लायंटच्या कामासाठी टूल कसे निवडावे

क्लायंटची गरज पुरती ऐकून होण्याआधीच डेव्हलपरच्या मनात टूल ठरलेले असते, हे मी स्वतःच्याच बाबतीत अनेकदा पाहिले आहे. ज्याचा हात व्हीबीएवर (अ‍ॅक्सेस आणि ऑफिसमधल्या प्रोग्रामिंग भाषेवर) बसला आहे त्याला समोरची प्रत्येक वही अ‍ॅक्सेसच्या टेबलांत दिसू लागते, आणि ज्याने फाइलमेकरमध्ये काही वर्षे काढली आहेत तो बोलणे चालू असतानाच मनातल्या मनात लेआउट (नोंदींचे पडदे) मांडू लागतो. सवय ही काही वाईट गोष्ट नव्हे. सरावाच्या टूलमध्ये काम लवकर आणि कमी चुकांनी होते, आणि त्याचा लाभ क्लायंटलाही मिळतोच. मात्र आपण टूल सवयीवरून निवडत आहोत की क्लायंटच्या परिस्थितीवरून, हे निदान स्वतःला तरी स्पष्ट असले पाहिजे. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आणि क्लॅरिस फाइलमेकर या डेटाबेस अ‍ॅप्लिकेशन बनवण्याच्या दोन टूल्समधून निवड करताना जी पद्धत मला उपयोगी पडत आली आहे, ती येथे मांडतो.

दोन्ही टूल्स जुनी आणि मुरलेली आहेत. फाइलमेकर १९८५ मध्ये आले आणि मॅकिंटॉशवर वाढले. अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये विंडोजसाठी आले. फाइलमेकर बनवणारी क्लॅरिस ही आज अ‍ॅपलची उपकंपनी आहे. टेबल, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड या चारही गोष्टी एकाच ठिकाणी बनवता येत असल्यामुळे दोन्ही टूल्स वरवर एकाच जातीची वाटतात. खरा फरक आहे तो डेटा कुठे राहतो, तो कोण वाचतो आणि बदल वापरणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचतात यात, आणि निवड बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवर ठरते.

टूलचे नाव काढण्याआधी

वैशिष्ट्यांची तुलना करणारे तक्ते सुरुवातीला बाजूला ठेवावेत. पहिल्या भेटीत मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोलणे होते, पण रोज नोंदी करणारी माणसे वेगळी असतात, आणि त्यांच्या शेजारी अर्धा दिवस बसल्याशिवाय खरे चित्र कळत नाही. ‘पाच जण वापरतील’ असे सांगितलेल्या एका कामात पाच जण नोंदी करत होते हे खरे, पण आणखी बारा जण दिवसभर फक्त माहिती पाहण्यासाठी त्या पाच जणांना हाका मारत होते. अ‍ॅप्लिकेशन तयार झाले की ते बारा जणही स्वतः पाहू लागणार, हे उघड होते; म्हणजे वापरणारे पाच नव्हे, सतरा.

नोंद करणारा माणूस कुठे बसतो आणि त्याच्या हातात कोणते उपकरण असते, सर्वांत मोठ्या टेबलात वर्षाला किती नोंदी पडतील, नोंदींबरोबर फोटो किंवा पीडीएफ ठेवायचे आहेत का, आणि काम सोपवल्यानंतर त्याची देखभाल कोण करणार, एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. ‘आत्ता’ आणि ‘तीन वर्षांनी’ असे दोन रकाने केले तर अधिक चांगले, कारण क्लायंट दुसऱ्या रकान्यात जे लिहितो त्यावरूनच पुष्कळदा निकाल लागतो.

उपकरण आणि जागा

अ‍ॅक्सेस फक्त विंडोजवर चालते. मॅकसाठीच्या ऑफिसमध्ये ते नाही आणि टॅबलेट किंवा फोनसाठी त्याचे कोणतेही अ‍ॅप नाही. ब्राउझरमध्ये चालणारी अ‍ॅक्सेस वेब अ‍ॅप्स एकेकाळी होती, परंतु शेअरपॉइंट ऑनलाइनवरची ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे क्लायंटच्या उत्तरांत मॅक, आयपॅड किंवा ‘साइटवरून नोंद करायची आहे’ यांपैकी काहीही आले, तर अ‍ॅक्सेसचा विचार तेथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे ठरते. रिमोट डेस्कटॉपने वाट काढता येते, हे मान्य. पण फोनच्या पडद्यावर डेस्कटॉपचा फॉर्म बोटाने चालवणाऱ्या माणसाचे हाल ज्याने पाहिले आहेत, तो हा उपाय सहसा सुचवणार नाही.

फाइलमेकर विंडोज आणि मॅक या दोहोंवर चालते, आयफोन व आयपॅडसाठी फाइलमेकर गो हे मोफत अ‍ॅप आहे, आणि सर्व्हर असेल तर वेबडायरेक्टमुळे तेच लेआउट ब्राउझरमध्ये उघडतात. अँड्रॉइडसाठी मात्र स्वतंत्र अ‍ॅप नाही. तेथे ब्राउझरवरच भागवावे लागते. शिवाय डेस्कटॉपसाठी आखलेला लेआउट जसाच्या तसा फोनवर टाकून चालत नाही, प्रत्येक आकारासाठी वेगळा लेआउट करावा लागतो, आणि हा वेळ अंदाजपत्रकात धरला नाही तर पुढे तो आपल्याच खिशातून जातो.

दुसरा भाग जागेचा. अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्राम नसतो. डेटाची फाइल सामायिक फोल्डरमध्ये असते आणि प्रत्येक संगणकावरचे इंजिन नेटवर्कवरून त्या फाइलची चार-चार केबीची पाने स्वतः वाचते व लिहिते. संपूर्ण टेबल दर वेळी नेटवर्कवरून ओढले जाते, हा समज बरोबर नाही. योग्य इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) असेल तर इंडेक्सची पाने आणि लागणारी पानेच येतात. पण लिहिणे चालू असताना जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते, हा धोका या रचनेतच आहे. म्हणून तारेने जोडलेल्या एका कार्यालयात अ‍ॅक्सेस वर्षानुवर्षे सुरळीत चालते, आणि तेच वाय-फायवर, व्हीपीएनवर किंवा क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवले की दुरुस्तीचे फोन सुरू होतात. मी एकदा क्लायंटच्या आग्रहाखातर बॅक-एंड फाइल (फक्त डेटा असलेली फाइल) सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. दोन महिन्यांत एकाच फाइलच्या तीन प्रती तयार झाल्या आणि प्रत्येकीत वेगळ्या नोंदी होत्या. त्या नोंदी हाताने जुळवण्यात जो वेळ गेला, त्यात सगळे अ‍ॅप्लिकेशन पुन्हा लिहून झाले असते.

फाइलमेकर सर्व्हर हा खरोखरचा सर्व्हर आहे. इंडेक्स असलेल्या फील्डवरचा शोध तो स्वतःकडे पूर्ण करतो आणि सापडलेली रेकॉर्ड्स पाठवतो, त्यामुळे दूरच्या शाखेतून काम करणे शक्य होते. तथापि येथेही एक खाचखळगा आहे: फाइलमेकर रेकॉर्ड पाठवते ते अख्खे पाठवते. लेआउटवर तीनच फील्ड असली तरी टेबलात दीडशे असतील, तर कंटेनर फील्डमधील (फोटो, कागदपत्रे ठेवण्याच्या फील्डमधील) फाइल्स आणि साठवून न ठेवलेली कॅल्क्युलेशन वगळता बाकी सर्व मजकूर प्रवास करतो. म्हणून फाइलमेकरमध्ये रुंद टेबले टाळावीत, आणि जड काम ‘परफॉर्म स्क्रिप्ट ऑन सर्व्हर’ या पायरीने सर्व्हरवरच उरकावे.

डेटा किती आणि कसा वाढणार

अ‍ॅक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे, एका टेबलात २५५ फील्ड बसतात आणि एका वेळी २५५ जण जोडले जाऊ शकतात. यातला शेवटचा आकडा कागदावरचा समजावा. वीस-पंचवीस जण, त्यांतले बरेचसे फक्त पाहणारे, इतपत मला सुरक्षित वाटते. त्यापुढे मी डेटा अ‍ॅक्सेसमध्ये ठेवत नाही. नोंदी पुसल्या तरी त्यांची जागा ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करेपर्यंत सुटत नाही, आणि अटॅचमेंट फील्डमध्ये फोटो भरू लागले की २ जीबी फार लवकर गाठले जातात. फोटो बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त त्यांचा पत्ता साठवणे हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे.

फाइलमेकरच्या फाइलची मर्यादा ८ टीबी आहे. अशा कामांत तिथवर कोणी पोहोचत नाही. फोटो आणि कागदपत्रांसाठी त्याची कंटेनर फील्ड्स फाइल्स बाहेर ठेवून त्यांची व्यवस्था स्वतः पाहतात. कागदपत्रांवर चालणारे काम असेल, तर मला हा मुद्दा मोठा वाटतो.

येथे तिसरी वाटही ध्यानात घ्यावी. अ‍ॅक्सेसचे फॉर्म आणि रिपोर्ट तसेच ठेवून डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या स्वतंत्र डेटाबेस-सर्व्हरमध्ये ठेवता येतो. एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची एक्सप्रेस आवृत्ती मोफत आहे आणि तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. टेबले हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच मायग्रेशन असिस्टंट मिळते. हलवल्यावर प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आहे ना हे पाहावे, रो-व्हर्जन कॉलम (नोंद बदलली की आपोआप बदलणारा) जोडावा, आणि हो-नाही स्वरूपाच्या बिट कॉलमना डीफॉल्ट मूल्य देऊन त्यांत नल (रिकामे मूल्य) राहणार नाही याची काळजी घ्यावी. हे केले नाही तर एकटाच माणूस काम करत असतानाही ‘दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे’ असा संदेश येतो आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातात. फाइलमेकरही एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि ओरॅकलच्या टेबलांशी जोडता येते, पण सगळा डेटा बाहेरच ठेवायचा असेल, तर फाइलमेकरच्या वेगाचा आणि सोयीचा बराच भाग आपण सोडून देतो.

बदल पोहोचवणे

तुलनेच्या तक्त्यांत हा विषय क्वचितच येतो, पण काम सोपवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात यानेच सर्वांत जास्त वेळ खाल्ला जातो. क्लायंटला पहिल्या आठवड्यातच नवे फील्ड हवे असते, दुसऱ्या आठवड्यात रिपोर्टमधला रकाना बदलायचा असतो, आणि ते थांबवता येत नाही.

अ‍ॅक्सेसमध्ये फाइल पहिल्या दिवसापासून दोन भागांत विभागलीच पाहिजे: डेटाची बॅक-एंड फाइल सामायिक ठिकाणी, आणि फॉर्म, क्वेरी (डेटातून हवे ते उत्तर काढणाऱ्या आज्ञा) व कोड असलेली फ्रंट-एंड फाइल प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र. सर्वांनी एकच फ्रंट-एंड नेटवर्कवरून उघडणे हे अ‍ॅक्सेसला मिळालेल्या बदनामीचे निम्मे कारण आहे, असे माझे मत आहे. विभागणी केली की फॉर्म बदलण्यासाठी फक्त नवी फ्रंट-एंड वाटायची असते, आणि हे काम सुरू होताना आवृत्ती तपासणाऱ्या छोट्या स्क्रिप्टवर सोपवता येते. टेबलाची रचना बदलायची असेल, तर मात्र सर्वांना बाहेर काढावे लागते.

फाइलमेकरमध्ये चित्र उलटे आहे. सर्व्हरवर फाइल चालू असताना, लोक काम करत असताना, डेव्हलपर फील्ड जोडू शकतो आणि लेआउट बदलू शकतो, व बदल तत्काळ सर्वांना दिसतो. ही सोय फार मोठी आहे आणि तिचा धोकाही तितकाच मोठा आहे, कारण अर्धवट लिहिलेली स्क्रिप्टही तितक्याच तत्काळ सर्वांपर्यंत पोहोचते. बदल वेगळ्या प्रतीत करून तपासायचे ठरवले, तर तयार फाइलमध्ये चालू डेटा आणावा लागतो, कारण डेटा आणि लेआउट सहसा एकाच फाइलमध्ये असतात. त्यासाठी क्लॅरिसचे डेटा मायग्रेशन टूल आहे. लहान दुरुस्त्या थेट आणि मोठे बदल प्रतीत, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि ‘लहान’ म्हणजे काय हे ठरवताना माझी अनेकदा फसगतही झाली आहे.

नियम, क्वेरी आणि रिपोर्ट

अ‍ॅक्सेसचे इंजिन टेबलांमधील संबंध स्वतः राखते. ग्राहकाच्या नावावर बिले असतील तर तो ग्राहक पुसू न देणे किंवा त्याच्याबरोबर बिलेही पुसणे, हे एकदा ठरवले की कोणत्याही फॉर्ममधून ते मोडता येत नाही. फाइलमेकरमध्ये संबंधित नोंदी आपोआप पुसण्याची सोय आहे आणि फील्डवर तपासणी लावता येते, पण अनाथ नोंदी (ज्यांची मूळ नोंद उरलेली नाही अशा) रोखण्याची बरीचशी जबाबदारी डेव्हलपरच्या शिस्तीवर राहते. हिशेब, साठा, देणी-घेणी अशा कामांत मी हा फरक गंभीरपणे घेतो.

क्वेरीच्या बाबतीतही अ‍ॅक्सेस उजवे आहे. अनेक टेबले जोडून, गट पाडून, क्रॉसटॅब (आडव्या-उभ्या बेरजांचा तक्ता) करून उत्तर काढणे तेथे सहज जमते. फाइलमेकरचे एक्झिक्यूट-एसक्यूएल फंक्शन फक्त सिलेक्ट (डेटा वाचण्याची आज्ञा) चालवते, बाकी सारे रिलेशनशिप ग्राफवरून (टेबलांमधील संबंधांच्या आराखड्यावरून) आणि स्क्रिप्टमधून साधावे लागते. उपबेरजांचे अनेक पदरी छापील रिपोर्ट हवे असतील तर अ‍ॅक्सेसमध्ये ते निम्म्या वेळात होतात, हा माझा अनुभव आहे. नोंदी भरण्याचा सुबक, बटणांनी सजलेला पडदा हवा असेल तर फाइलमेकर पुढे असते.

व्हीबीए ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा असून एक्सेल आणि वर्ड यांना थेट चालवते. जुने कोड वापरायचे असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात: क्लायंटकडे ६४ बिट ऑफिस असेल तर विंडोजच्या फंक्शनांच्या जुन्या डिक्लेअर ओळी दुरुस्त कराव्या लागतात, आणि नवे आउटलुक व्हीबीएमधून चालवता येत नाही, म्हणून मेल पाठवण्याची वेगळी व्यवस्था लागते.

देवनागरी मजकूर

दोन्ही टूल्सच्या टेबलांत युनिकोड देवनागरी नीट साठते आणि दिसते. अडचण येते ती व्हीबीएच्या एडिटरमध्ये. तो युनिकोड जाणत नाही. त्यामुळे कोडमध्ये थेट लिहिलेल्या मराठी संदेशाची प्रश्नचिन्हे होतात. यावर उपाय म्हणजे सगळे संदेश एका टेबलात ठेवून कोडमधून क्रमांकाने उचलणे. एवढे करूनही नेहमीच्या मेसेज बॉक्समध्ये देवनागरी नीट दिसते का हे तपासून घ्यावे, आणि दिसत नसेल तर संदेशासाठी स्वतःचा छोटा फॉर्म करावा. फाइलमेकरच्या स्क्रिप्टमध्ये आणि संवादचौकटींत देवनागरी सरळ लिहिता येते. ज्या क्लायंटला संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन मराठीत हवे आहे, त्याच्या बाबतीत हा मुद्दा किरकोळ राहत नाही.

सुरक्षा आणि लायसन्स

अ‍ॅक्सेसच्या २००७ पासूनच्या फाइल-स्वरूपात वापरकर्तानिहाय परवानग्या नाहीत. फाइलला पासवर्ड लावून ती एन्क्रिप्ट करता येते, पण काम करणाऱ्या प्रत्येकाला डेटाच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो, आणि ज्याला तो अधिकार आहे तो अख्खी फाइल उचलून नेऊ शकतो. पगार, आरोग्य किंवा तत्सम खासगी माहिती असेल तर डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवावा किंवा फाइलमेकर निवडावे, जेथे खाती आणि टेबल, रेकॉर्ड, फील्ड यांपर्यंतच्या परवानग्या फाइलमध्येच असतात.

खर्चाचे गणित सोपे आहे. अ‍ॅक्सेसचा रनटाइम (तयार अ‍ॅप्लिकेशन फक्त चालवणारी आवृत्ती) मोफत आहे, म्हणजे डेव्हलपरकडे पूर्ण अ‍ॅक्सेस असले की बाकीच्यांना काही विकत घ्यावे लागत नाही. रनटाइममध्ये कसे दिसेल हे पाहण्यासाठी फाइलचे एक्स्टेन्शन एसीसीडीआर करून उघडावे. फाइलमेकरला वापरकर्त्यांच्या संख्येनुसार लायसन्स लागते आणि त्यात सर्व्हरची व्यवस्थाही धरावी लागते. तीन वर्षांची बेरीज करूनच क्लायंटपुढे ठेवावी.

दोन्हींत तोच अवघड भाग करून पाहावा

एवढ्यानेही निर्णय झाला नाही, तर दोन्ही टूल्समध्ये प्रत्येकी दोन दिवस घालवून त्या कामातला सर्वांत अवघड पडदा, सर्वांत किचकट रिपोर्ट आणि जुन्या डेटाची आयात एवढेच बनवावे. सोपा पडदा बनवून काहीच कळत नाही. तो दोन्हींत छान होतो. चाचणीसाठी अपेक्षेच्या पाचपट बनावट नोंदी भराव्यात आणि काम क्लायंटच्या जागेवर, त्याच्या सर्वांत जुन्या संगणकावरून, सर्वांत संथ जोडणीवर चालवून पाहावे.

दोन संगणकांवरून एकच नोंद एकाच वेळी बदलून पाहणे विसरू नये. फाइलमेकर दुसऱ्या माणसाला सुरुवातीलाच अडवते आणि नोंद कोणाकडे उघडी आहे ते सांगते. अ‍ॅक्सेस मूळ सेटिंगमध्ये दोघांनाही टाइप करू देते आणि नंतर जतन करणाऱ्यासमोर संघर्षाची चौकट आणते, जिच्यातली बटणे सामान्य माणसाला कळत नाहीत. कोणता अनुभव आपल्या क्लायंटच्या माणसांना झेपेल, हे त्यांच्याकडूनच करवून घेतल्यावर कळते.

शिफारस लिहिताना

शिफारस एका पानाची असावी आणि तिच्यात आपली सवय उघड सांगावी: ‘मला अमुक टूलचा अनुभव जास्त आहे आणि त्यामुळे वेळेचा अंदाज असा आहे.’ देखभाल करणारा माणूस कोण हे नावानिशी नमूद करावे. क्लायंटकडे एक्सेलमध्ये रमणारा, थोडे मॅक्रो लिहिणारा कोणी असेल, तर अ‍ॅक्सेस त्याच्या हाती लवकर बसते. असा कोणीच नसेल, तर देखभालीचा करार आधी ठरवावा आणि मग टूल. निर्णय कोणत्या परिस्थितीत पुन्हा तपासायचा, तेही आकड्यांत लिहावे, जसे की बॅक-एंड फाइल १ जीबीच्या पुढे गेली, वापरणारे वीसच्या वर गेले किंवा कार्यालयाबाहेरून नोंदी करण्याची गरज पडली तर.

काम सोपवताना काय द्यायचे हेही याच पानावर असावे. अ‍ॅक्सेसमध्ये एसीसीडीई ही कंपाइल केलेली फाइल वापरासाठी देणे योग्य आहे, पण तिच्यातून कोड परत मिळत नाही, म्हणून मूळ एसीसीडीबी फाइल करारानुसार क्लायंटच्या ताब्यात स्वतंत्र ठेवावी. फाइलमेकरमध्ये पूर्ण अधिकाराच्या खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात द्यावा; डेव्हलपर युटिलिटीने ते अधिकार एकदा काढून टाकले की त्या प्रतीत ते पुन्हा मिळवता येत नाहीत, आणि क्लायंटच्या हाती फक्त तशी प्रत उरली, तर पुढचा डेव्हलपर तिच्यातला एक लेआउटही बदलू शकणार नाही.